चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना कळत नाही. थांबावं की दाखवावं?

खारीबिस्कीट

मुलगा नुकताच चार पूर्ण झाला. आम्ही ठाण्यात राहतो. घरी मी, नवरा आणि सासूबाई. मुलगा उशिरा बोलायला लागला असं काही नाही, उलट दिवसभर टकळी चालू असते. लांबलचक वाक्यं बोलतो, मनाने गोष्टी रचून सांगतो. पण ते कळतं फक्त आम्हाला. "ताल आजोबांनी मला थाऊ दिला" म्हणजे काल खाऊ दिला. गाय म्हणजे दाय, काका म्हणजे ताता, घर म्हणजे धल. र सगळीकडे ल.

इतके दिवस मजा वाटायची. परवा सोसायटीच्या बागेत एका मुलाकडे तो "माझी दाडी दे" म्हणून गाडी मागत होता. त्या पोराला वाटलं, हा दाढी मागतोय. सगळी पोरं खो खो हसली. हा तडक येऊन माझ्या मांडीत तोंड खुपसून बसला. तेव्हापासून बागेत तोंडच उघडत नाही, नुसत्या खुणा करतो.

आता सल्ले ऐका. सासूबाई म्हणतात, याचा बापही पाच वर्षांपर्यंत असाच बोलायचा, आता ऑफिसात प्रेझेंटेशनं देतो. शेजारच्या काकू म्हणतात, जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा आणि चिमणीचं उष्टं पाणी पाजा. (चिमण्या आणू कुठून, हा वेगळा प्रश्न.) जावेचं म्हणणं, जीभ खाली चिकटलेली असेल, डॉक्टरकडून कापून घ्या. आणि शाळेतल्या बाईंनी सुचवलंय की घरी मराठी बंद करा, मूल दोन भाषांत गोंधळतं.

कोणाचं ऐकू? घरी काय करता येईल?

गूळशेंगदाणे

अगं, मुलगे उशिराच स्पष्ट बोलतात. माझा धाकटा सिनियर केजीपर्यंत बोबडा होता, आपोआप सुटला. आता गप्प बस म्हणावं लागतं. टेन्शन घेऊ नकोस.

तिरकीरेघ

'आपोआप सुटलं' हे ज्यांचं सुटलं तेच सांगतात. ज्यांचं नाही सुटलं ते अशा धाग्यांवर लिहायला येत नाहीत. माझा मावसभाऊ आज तिशीत आहे आणि फोनवर स्वतःचं नाव दोनदा सांगावं लागेल म्हणून मेसेजच करतो.

कर्णपिशाच्च

आयडीवर जाऊ नका, पोटापाण्यासाठी हेच करते, म्हणजे स्पीच थेरपी. वाणी आणि श्रवण, दोन्हीचं शिक्षण एकत्र असतं आमचं. जरा सविस्तर लिहिते.

आधी एक निरीक्षण. तुमच्या मुलाच्या बोबडेपणात शिस्त आहे. क चा त, ख चा थ, ग चा द, घ चा ध. पूर्ण क-वर्ग उचलून त-वर्गात नेऊन ठेवलाय आणि तोही क्रमाने! महाप्राणाच्या जागी महाप्राण, घोषाच्या जागी घोष. म्हणजे बाकी सगळं त्याला नीट जमतं, फक्त जीभ टेकवायची जागा चुकते. क-ग म्हणताना जिभेची मागची बाजू वर टाळूला लागते. तो त्याऐवजी शेंडा पुढे दातांमागे लावतो. लहान मुलांत हे सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं साडेतीन-चार वर्षांपर्यंत जातं. चार झाल्यावरही क-ग एकदाही येत नसेल तर तपासून घ्यावं. घाबरण्यासारखं नाही, पण 'बघू पुढे' म्हणायची वेळही टळली आहे.

र चा ल मात्र आत्ता सोडून द्या. र, ळ, ष आणि जोडाक्षरं उशिरा येणारी मंडळी आहेत. प, ब, म, न, त, द आधी येतात. २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या मुलांच्या उच्चारांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही पाच वर्षांपर्यंत बहुतेक व्यंजनं जमतात असंच दिसलं. ढोबळ हिशेब असा की तीन पूर्ण झाल्यावर परक्या माणसाला मुलाचं पाऊण बोलणं कळावं आणि चार पूर्ण झाल्यावर जवळजवळ सगळं. उच्चार शंभर टक्के शुद्ध हवेत असं नाही, कळायला हवं. आणि 'परक्या माणसाला' हे महत्त्वाचं. आईला तर सगळंच कळतं.

आता जिभेचं. तुमचा मुलगा त, द, न, ल म्हणतो ना? हे सगळे शेंडा वर उचलून म्हणायचे वर्ण आहेत. म्हणजे शेंडा मोकळा आहे. आणि क-ग साठी शेंड्याचा संबंधच येत नाही. मग कापायचं काय आणि कशासाठी? खरोखर चिकटलेली जीभ असते, काही तान्ह्या बाळांना त्यामुळे दूध ओढायला त्रास होतो, तिथे निर्णय वेगळा. इथे नाही.

पहिलं काम: कान तपासा. बोलणं कानातून येतं. जन्मल्यावर तपासणी झाली होती, पास झाला होता, हे पुरेसं नाही. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठून राहू शकतो. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. मुलाला ऐकू येतं, पण पाण्यात डोकं बुडवून ऐकल्यासारखं. तपासणीत काही टोचत नाहीत. एकात कानाच्या तोंडाशी रबरी टोक लावून पडदा नीट हलतो का ते पाहतात, दुसऱ्यात हेडफोन लावून आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. चार वर्षांचं मूल हे हसत करतं.

शाळेतल्या बाईंचा सल्ला कृपया या कानाने ऐकून त्या कानाने सोडा. दोन भाषांमुळे उच्चार बिघडत नाहीत. क न येणाऱ्या मुलाला 'काका'ही येत नाही आणि 'केक'ही येत नाही. घरची भाषा बंद केली की आजीशी बोलणं तेवढं बंद होतं.

खारीबिस्कीट

बाप रे, शिस्त आहे हे लक्षातच आलं नव्हतं! आत्ता बसून यादी केली, खरंच सगळं तसंच निघालं. सर्दीचं म्हणाल तर पावसाळाभर नाक वाहत असतं. हाक मारली की दोनदा मारावी लागते, पण मला वाटायचं खेळात गुंग आहे.

कान तपासायला कुठे जाऊ? आणि तोवर घरी काय करू? आत्ता आम्ही "गाय म्हण, गाय, ग-ग-ग" असं करतो. तो चिडतो.

आज्जीचाबटवा

वेखंडाची एवढी टिंगल नको. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळगुटीत वेखंड आहे. सगळे स्पष्ट बोलतात.

कर्णपिशाच्च

आज्जी, सगळे स्पष्ट बोलतात ते तुम्ही त्यांच्याशी बोललात म्हणून. गुटीपेक्षा गुटी देताना चालणाऱ्या गप्पांचा गुण जास्त. वेखंडातला बीटा-असारोन हा घटक प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरला आहे, अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. तान्ह्या बाळांना तर नकोच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

खारीबिस्कीट, तुम्ही ठाण्यात आहात तर वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. वाणी आणि श्रवण हाच त्यांचा विषय. गर्दी असते, नंबर लावावा लागतो, पण शुल्क खाजगीच्या मानाने अगदी कमी. मुंबईतल्या मोठ्या पालिका रुग्णालयांतही हे विभाग आहेत. खाजगीत जाणार असाल तर एकच विचारा: आरसीआयची नोंदणी आहे का? भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि त्याखाली नोंदणी असल्याशिवाय हे काम करता येत नाही. सहा आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणारे बरेच झालेत हल्ली.

घरी "म्हण, म्हण" बंद. तो "दाय आली" म्हणाला की तुम्ही, "हो, गाय आली! गाय गवत खातेय. आता गाय कुठे चालली?" असं बोला. त्याच्याकडून काहीही वदवून घ्यायचं नाही. दहा सेकंदांत त्याच्या कानावर योग्य शब्द तीनदा पडला, झालं. बोलताना त्याच्या उंचीला खाली बसा, ओट्याकडे तोंड करून नको. निवड द्या, "काकडी देऊ की गाजर?" म्हणजे त्याने बोलायच्या आधी शब्द कानावर पडतो. झोपताना काऊचिऊची गोष्ट सांगत असाल तर काऊला जरा जास्त संवाद द्या.

नाही कळलं तर कळल्याचं नाटक करू नका, मुलांना लगेच समजतं. जेवढं कळलं तेवढं परत म्हणा, "आजोबांनी दिला... काय दिला?" किंवा "दाखव बरं मला". आणि घरात कोणी कौतुकाने त्याच्यासारखं बोबडं बोलत असेल तर ते थांबवा. आजोबा सहसा यात पुढे असतात.

वऱ्हाडीठेचा

आजोबांवरून आठवलं. आमच्या घरी आबा अकोल्याचे, ते केळ्याला केयं आणि डोळ्याला डोया म्हणतात. माझी मुलगी त्यांच्याजवळ वाढली, तीही केयंच म्हणते. पुण्यातल्या नर्सरीच्या शिक्षिकेनं डायरीत लिहून पाठवलं, उच्चारदोष आहे. आबा वाचून म्हणाले, मले सत्तर वर्षांपासून हाये, त्याची गोई आहे का इचारा.

कर्णपिशाच्च

आबांना नमस्कार सांगा! हा दोष नाहीच, ही बोली आहे. घरातली मोठी माणसं जसं बोलतात तसं मूल बोलत असेल तर त्याला थेरपीची गरज नाही. कोकणातल्या काही बोलींत पाणी-लोणी चं पानी-लोनी होतं तेही तसंच. मूल्यमापन करताना आम्ही घरी कोण कसं बोलतं हे विचारतोच. न विचारणारा भेटला तर उठून या.

शिट्टीवाला

आमच्या इथे एका क्लासमध्ये शिट्ट्या, फुगे फुगवणं, स्ट्रॉने कागदाचे बोळे उचलणं, जीभ नाकाला लावणं असे व्यायाम घेतात. जिभेचे स्नायू मजबूत होतात म्हणे. पोरगं खूश असतं.

कर्णपिशाच्च

पोरगं खूश असेल तर फुगे फुगवू द्या, वाढदिवसाला उपयोगी पडतील. पण उच्चार सुधारण्यासाठी त्याला भक्कम पुरावा नाही. बोलायला लागणारी ताकद अगदी थोडी असते, लागतो तो नेमकेपणा. आणि क शिकायला क च म्हणावा लागतो. गिळायला त्रास असलेली, स्नायूंचे आजार असलेली मुलं वेगळी, त्यांचं वेगळं बघतात.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे मूल तीन वर्षांचं झालं की स्थानिक शाळा-जिल्ह्याकडे लेखी अर्ज केला तर मूल्यमापन फुकट होतं, मूल त्या शाळेत जात नसलं तरी. कायद्याप्रमाणे शक्य तिथे मुलाच्या घरच्या भाषेचाही विचार करावा लागतो. हे आवर्जून मागा. आमच्या मुलीच्या अहवालात 'व्ही आणि डब्ल्यूचा गोंधळ' असं लिहून आलं होतं. आपला व दोन्हींच्या मधला असतो हे समजावून सांगितल्यावर त्यांनी ते काढलं. आपला प तिथल्या थेरपिस्टना ब सारखाही ऐकू येऊ शकतो, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प हवा सोडून म्हणतात. काका, गाय, खाऊ, घर असे शब्द घरी रेकॉर्ड करून, अर्थ लिहून नेले, त्याचा फार उपयोग झाला.

ताईअंगणवाडी

मी मराठवाड्यात अंगणवाडी सेविका आहे. इथं सगळे मुंबई-पुणे-अमेरिका बोलत आहेत म्हणून लिहिते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, डॉक्टर मुलं तपासतात. बोलणं अस्पष्ट आहे, ऐकू कमी येतं, हे त्यांना सांगा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढं जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, पैसे लागत नाहीत. अडचण अशी की जिल्ह्याच्या गावी जायचा एक दिवस म्हणजे मजुरीचा एक दिवस. एकदा नेतात, पुढच्या तारखेला नेत नाहीत. मी आता थेरपिस्टनं दिलेले शब्द वहीत लिहून घेते आणि आहार वाटताना तेच म्हणते, "कोणाला खिचडी? कोणाला काकडी?" सगळी पोरं ओरडतात. ज्याला येत नाही तोही ओरडतो.

तिरकीरेघ

ताई, हा प्रतिसाद वर पिन करून ठेवायला हवा.

खारीबिस्कीट

मध्ये बरेच आठवडे गेले, धागा वर काढतेय. कान तपासले. उजव्या कानाच्या पडद्यामागे द्रव निघाला, डावा ठीक. कान-नाक-घसावाल्यांनी लगेच काही करायचं नाही म्हणून सांगितलं. बऱ्याच मुलांचं आपोआप ओसरतं, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर शाळेत पुढच्या बाकावर, डावा कान बाईंकडे. दोनदा हाक का मारावी लागायची ते कळलं.

थेरपी सुरू केली. तिथे क पहिल्यांदा आला तो प्रसंग सांगते. थेरपीच्या बाईंनी त्याला चटईवर उताणं झोपवलं. म्हणाल्या, आपण गुळण्या करायच्या, पण पाणी न घेता. हा आ वासून घशातून आवाज काढायला लागला. उताणं झोपलं की जीभ आपसूक मागे सरकते, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी त्याच्या पोटावर एक प्लास्टिकचा कावळा ठेवला आणि म्हणाल्या, याला खोकला झालाय. हा खोकल्यासारखं "अक्... अक्" करत राहिला आणि त्यातच एक स्वच्छ क आला. त्याला स्वतःला काही कळलं नाही. माझ्या घशात मात्र आवंढा आला.

गंमत म्हणजे पहिले शब्द काका-कावळा नव्हते. नाक, एक, केक. बाईंचं म्हणणं, शब्दाच्या शेवटी क आधी पकडता येतो. केकचा तेव्हा "तेक" व्हायचा, पण शेवटचा क खणखणीत. मग 'को' आणि 'कू', कारण ओ-ऊ म्हणताना जीभ मागे राहते. 'की' सर्वांत शेवटी.

आता घरी पत्ते खेळतो. गार-दार, गोरा-दोरा, काप-ताप, कूप-तूप, अशा जोड्यांची चित्रं मी काढली आहेत. (माझ्या कूपाचं चित्र बघून नवऱ्याने कचऱ्याचा डबा का काढलास विचारलं.) तो सांगेल ते चित्र मी उचलायचं. "दार दे" म्हणाला की मी दाराचं चित्र देते. तो बघतो, थांबतो, आणि मग स्वतःच जीभ मागे ओढून "ग्गार!" म्हणतो. चिडत नाही, कारण खेळ आहे, मी चूक म्हणतच नाही. पाच-सात मिनिटं, तो कंटाळायच्या आत बंद.

गप्पांमध्ये अजून दाय आणि दाडीच असते. पत्त्यांत गाडी, बागेत दाडी.

कर्णपिशाच्च

अगदी अपेक्षित आहे. सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, छोटं वाक्य आणि सगळ्यात शेवटी गप्पा, याच क्रमाने उतरतं. गप्पा मारताना त्याचं लक्ष गाडीवर असतं, जिभेवर नसतं, आणि तसंच असायला हवं. बागेत अजिबात दुरुस्त करू नका. पोरांसमोर तर नाहीच.

गूळशेंगदाणे

एक विचारायचं होतं, धाग्याला धरूनच आहे. भाची साडेतीन वर्षांची. उच्चार स्पष्ट आहेत, पण गेल्या महिन्यापासून "म-म-म-मला" असं अडखळते. वहिनी तिला सारखं सांगते, श्वास घे, हळू बोल.

कर्णपिशाच्च

हा प्रकार वेगळा. अडीच ते चार या वयात डोक्यात वाक्यं भराभर तयार होतात आणि पुष्कळ मुलं काही काळ अडखळतात, बऱ्याच जणांचं जातं. वहिनींना सांगा, सूचना बंद. तिच्याकडे बघत ऐकायचं, वाक्य तिचं तिला पूर्ण करू द्यायचं, आणि स्वतः हळू बोलायचं. सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, बोलताना डोळे मिचकावणं किंवा मान झटकणं सुरू झालं, ती बोलायचं टाळू लागली, किंवा घरात कोणी तोतरं बोलणारं असेल, तर वाट बघू नका, दाखवा.

शिट्टीवाला

मोबाईलचं कोणी बोललंच नाही. आमचा कार्टूनमधल्यासारखं हिंदी झकास बोलतो, आपण विचारलेल्याला मात्र उत्तर नाही.

कर्णपिशाच्च

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर उत्तम, असं सांगितलंय. पण स्क्रीनमुळे क चा त होत नाही. स्क्रीन बोलायची वेळ खाते. कार्टून थांबून ऐकून घेत नाही, "काय दिला?" विचारत नाही. एक तास कमी करून त्या वेळात मूल एकटंच खेळत बसलं तर फार फरक पडणार नाही, कोणीतरी समोर हवं. आणि विचारलेल्याला उत्तर देत नाही हे मला मोबाईलपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. नावाने हाक मारली की बघतो का, बोटाने वस्तू दाखवतो का, तुम्ही सांगितलेलं कळतं का, हे लिहा. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना हेच शब्द सांगा.

शिट्टीवाला

हाक मारली की बघतो, बोटाने दाखवतो, "चप्पल आण" म्हटलं की आणतो. फक्त आपण प्रश्न विचारला की पाठ.

कर्णपिशाच्च

मग प्रश्न कमी करून बघा. "आज शाळेत काय केलं, कोण आलं, काय खाल्लं" ही उलटतपासणी मोठ्यांनाही आवडत नाही. "मी आज डब्यात भेंडी नेली होती, कोणीतरी माझी सगळी भेंडी संपवली" असं सांगून गप्प बसा, बोलेल. कान मात्र तपासून घ्याच, त्यात नुकसान काही नाही.

शिट्टीवाला

भेंडीची युक्ती आज केली. "तोणी?" म्हणाला. आता क चा त आमच्याकडेही आहे की काय?

खारीबिस्कीट

वय सांगा आधी!

शिट्टीवाला

दोन वर्षं दहा महिने.

कर्णपिशाच्च

मग आत्ता निवांत. "कोणी? शेजारच्या टेबलवरच्या काकांनी!" असं म्हणून भेंडीची गोष्ट पुढे चालू ठेवा. साडेतीनलाही तोणीच राहिलं तर याच धाग्यावर या.